मनूने चावडीपुढे उतरू नये म्हणून

मी, आकाराम जोतिबा खाडे, धंदा सायकल दुरुस्ती व भाड्याने देणे, राहणार मौजे कोंडेवस्ती, तालुका खटाव, जिल्हा सातारा, दम्याने बेजार असलो तरी डोक्याने ठणठणीत असून, कोणी भरीस न घालता, अफू-गांजा न घेता, आपल्या हाताने लिहून ठेवतो की, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खालीलप्रमाणे लावावी.

कलम १. राहते घर व माळावरचे रान धाकटा मुलगा मानसिंग यास द्यावे. घरातील पुढची खोली मात्र थोरली सून मनुबाई हिच्याकडे तहहयात राहील. माझा थोरला अर्जुना पलटणीतून लढाईवर गेला तो इटलीतच कामी आला. म्हणून ती परकी झाली असे कोणी समजू नये.

कलम २. दुकानातील भाड्याच्या तीन सायकली जी माणसे रोज पायपीट करून कामाला जातात त्यांना फुकट वापरायला द्याव्यात. बाई असो, बुवा असो. अट एकच, सायकल रोज कामाला गेली पाहिजे! हुंड्यात आलेली सायकल घोंगडीत गुंडाळून ठेवणारे आणि वरातीत तिला हार घालून मिरवणारे यांना हातसुद्धा लावू देऊ नये. अहो, ते चाक फिरण्यासाठी केले आहे!

कलम ३. हवेचा मोठा पंप मोटारवाले लालासाहेब यांस द्यावा. त्यांची कोळशाच्या गॅसवरची मोटार दर चढाला उतारूंकडून ढकलून घेते. ढकलून ढकलून उतारूंचा दम जातो, तो या पंपाने भरावा. याच मोटारीपायी मनू तीनदा उशिरा पोहोचली आणि वडूजच्या दवाखान्यात तिला बजावले की, आता एकदा जरी आठाच्या पुढे आलीस तर काम सुटले. सुईणीच्या हाताखाली दोन वर्षे राबून मिळवलेले काम आहे ते. ते गेले की पोरीचा सारा जन्म चुलीपुढे जाणार, हे मला दिसते आणि माझे डोके भणभणते.

कलम ४. अर्जुनाची सायकल मनू उद्यापासून कामाला नेईल, माझ्या मृत्यूनंतर ती मनुबाईसच द्यावी. तिला मी पहाटे माळावर नेऊन शिकवली आहे. काय झोकात चालवते म्हणून सांगू! नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की दांडीची अडचण नाही. पण सायकल उंच, मनू बुटकी. दुकानापुढच्या दगडावर उभी राहून चढते. चालवणे जमते, जमिनीवरून चढणे जमत नाही.

कलम ५. भाऊसो पाटील यांस माझ्याकडून काही देऊ नये. कारण लिहितो. आमच्या गावात सुना चावडीपुढून जाताना चपला हातात घेतात. मघाशी पाटील दुकानी येऊन म्हणाले, "आकाराम, सून सायकलीवर जाणार म्हनं. जाऊ दे, पन चावडीम्होरं उतरून चालत गेली पायजे."

"पाटील, उतरली तर परत चढंल कशी? म्होरं वडूजपातुर दगड न्हाई."

"त्ये तुमी बगा. मान म्हंजे मान."

इथवर काल लिहिले. पुढचे आज, त्याच शाईने पण निराळ्याच तब्येतीने लिहितो!

कलम ६. आज सकाळी मनू निघाली. मी आधीच चावडीपाशी जाऊन उभा. पाटील पारावरून उठले. मनूचा हात ब्रेकवर गेला. आता उतरते आणि काम जाते, असे मला वाटले. इतक्यात पाटलांची आई हरणाबाई सूप टाकून चावडीशेजारच्या आपल्या दारात आली आणि ओरडली, "उतरू नगंस गं पोरी! म्होरं चढाय न्हाई यायचं! जा, दवाखाना उघडला असंल!"

पाटील म्हणाले, "आवं आई, चावडी हाय."

"व्हय, आन् तुझ्या नातवाला ह्या दुनियेत कुनी आनलं रं? हिनंच न्हवं? तवा कुटं हुती तुझी चावडी?"

मनूने ब्रेक सोडून जी घंटी वाजवली! थेट ओढ्यापर्यंत ऐकू येत होती. मी टाळ्या वाजवल्या, खोकलो, परत वाजवल्या. पाटील पुन्हा पारावर जाऊन बसले. सबब कलम ५ रद्द. पाटलांस दुकानातील नवी घंटी द्यावी.

कलम ७. मग म्हातारी माझ्याकडे वळली. "आकाराम, ती शीट खाली घे की रं. पोरीचं पाय पोचत न्हाईत. अर्जुना न्हाई आता तिच्यावर बसायचा." साऱ्या गावाच्या सायकली ठाकठीक करणारा मी, पण त्या एका नटाला तीन वर्षांत पाना लावला नव्हता.

संध्याकाळी मनू आली. वेळेवर पोहोचले म्हणाली. मी नटाला तेल सोडले. गंजलेला होता, कुरकुरत सुटला. कलम ४ सुद्धा रद्द, कारण माझ्या मरणाची वाट कशाला पाहायची? सायकल आजपासून तिची. ती बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले.

हे सर्व खुशीने लिहिले, वाचले, खरे आहे.

आकाराम जोतिबा खाडे, सही

साक्षीदार: भाऊसो पाटील, सही
हरणाबाई पाटील, डाव्या हाताचा अंगठा

मौजे कोंडेवस्ती, ता. १८ फेब्रुवारी १९४७