मामाची फेरपरीक्षा

४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बदलीच्या गावी मामाकडे माझं छान बस्तान बसलंय. मामीच्या लेखी मी अजून सातवीतच आहे. ऑफिसला निघताना रुमाल घेतलास का, म्हणून रोज विचारते. दिवसभर लोकांच्या वाहनचाचण्या घेऊन भल्याभल्यांना घाम फोडणारी तुझी लेक मुकाट्याने रुमाल काढून दाखवते.

आता मुद्द्याचं. वाचून चिडशील, तेव्हा आधी खुर्चीत बस.

मामाला सत्तर पुरी झाली, म्हणून परवाना चालू ठेवायला त्याला पुन्हा गाडी चालवून दाखवायची होती. नात्यातला माणूस, म्हणून मी ती चाचणी घेतली नाही. आमच्या थोरल्या परीक्षकांकडे सोपवली. मी वरच्या खिडकीत उभी होते. ऑफिसच्या फाटकासमोर एक बाई बाबागाडी घेऊन पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होती. मामाने वेग कमीच केला नाही. ती दचकून मागे सरली, म्हणून निभावलं. मामाला ती दिसलीच नव्हती, आई! तरी कागदावर शेरा पडला, उत्तीर्ण. थोरले परीक्षक हसून म्हणाले, की तुझा मामा तो आमचाही मामा.

शेरा बदला म्हटलं, तर एवढ्या-तेवढ्याचं काय घेऊन बसलीस, म्हणाले. मग जे पाहिलं ते मी साहेबांना लिहून दिलं. संध्याकाळी घरी येऊन मामाला स्वतःच सगळं सांगितलं आणि गाडीची किल्ली मागितली. त्याच गाडीतून तो दोन्ही नातींना शाळेत सोडतो ना! त्याने किल्ली टेबलावर आपटली आणि माझ्याशी बोलणंच टाकलं.

तू तरी रागावू नकोस. लोभ आहेच, सध्या जरा जास्तीचा लागतोय.

तुझी
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलेच. का नाही रागावणार? दादाने चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, एक ओरखडा नाही. तुला गाडी त्यानेच शिकवली. तू ती खांबावर घातलीस, तेव्हा आपणच घातली असं सांगून वर माझी बोलणीही खाल्ली. (तुला वाटतं मला ठाऊक नाही!) अशा माणसाविरुद्ध लेखी कागद? हळूच कानात सांगता आलं नसतं? पाहण्यात चूक झाली असं साहेबांना सांग आणि तो कागद परत घे. माहेरच्या दारात मी कुठल्या तोंडाने उभी राहू?

कामात फार अडकू नकोस, वेळेवर जेव.

तुझी
आई

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून पुन्हा लिहिते आहे. मागे दादा इकडे आला होता, तेव्हा त्याने दोनदा चहा कपाऐवजी बशीच्या कडेला ओतला. मी पोट धरधरून हसले होते. आता हसू येत नाही. कागद परत घेऊ नकोस. दादाला इकडे पाठव, डोळ्यांचे डॉक्टर आमच्या समोरच राहतात. वरचं सगळं मात्र वाचलंच पाहिजेस. रागावण्याचा हक्क मी सोडलेला नाही.

२१ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

ताजा कलम आधी वाचला, मग वरचं. त्यामुळे फार लागलं नाही.

इकडे मामीचं टपालखातं झालंय. मी समोर बसलेली असताना मामा तिला म्हणतो, की तिला सांग, वर्तमानपत्र वाचून झालं असेल तर इकडे दे. मामी सांगते, मी देते. ऑफिसात थोरले परीक्षकही तीन दिवस माझ्या फायली शिपायाकरवी धाडत होते. चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, की साहेबांनी शेरा रद्द करून झाडलं ते बरंच झालं. त्यांची मुलगी त्याच फाटकासमोरून कॉलेजला जाते, हे त्यांना त्या दिवशी आठवलंच नव्हतं.

डॉक्टरांचं नाव काढलं की मामा उठून जायचा. पण काल नातींना चालत शाळेत नेताना धाकटीने त्याचा हात एकदम मागे खेचला. समोरून सायकल गेली. आजोबा, एवढी लाल सायकल तुम्हाला दिसली नाही, असं तिने साधंच विचारलं म्हणे. घरी येऊन त्याने बॅग भरली. मामीमार्फत मला निरोप आहे, की बहिणीला बघावंसं वाटतंय म्हणून चाललोय, डोळ्यांचा काही संबंध नाही. तूही तसंच दाखव. तिकीट पाच दिवसांनंतरचं मिळालंय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
भिंगरी

१२ एप्रिल

चि. भिंगरीस,
(साहेब म्हणू की काय, या विचारात एक कागद वाया गेला.)
अनेक आशीर्वाद.

दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले. तुझी आई एवढी म्हातारी झालीय, हे आत्ताच दिसलं. तसं बोललो, त्याची शिक्षा म्हणून रोज भाजी निवडतोय.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर इथल्याच कार्यालयात फेरपरीक्षा दिली. माझी भाची कोण, काय करते, चकार शब्द काढला नाही. तपासणारी पोरगी तुझ्याच वयाची, पण तुझ्याहून खडूस. गाडी मागे घेताना कोपऱ्यातली कुंडी पाडली, तर नापास केलं. आठवड्याने पुन्हा गेलो. पास झालो. बाहेर आल्यावर तुझी आई टाळ्या वाजवत होती. लोक बघत होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

आता एक सांगायचंय, ते समोरासमोर जमणार नाही. सहा महिने मला नीट दिसत नव्हतं. पुढची गाडी थांबली की थांबायचं, निघाली की निघायचं, असं चाललं होतं. तरी त्या दिवशी मी निर्धास्त निघालो. मामीला म्हणालो होतो, भाची बसलीय तिथे, मला नापास करायची कुणाची टाप आहे! म्हणजे तुझ्या प्रामाणिकपणावर मी आधीच पाणी सोडलं होतं, बाई. राग तुझा नव्हता. तू तसली निघाली नाहीस, त्यामुळे मी कसला आहे ते मला दिसलं.

शनिवारी येतो. दोन महिन्यांचं बोलणं साठलंय, दुपार मोकळी ठेव. मामीला तुझ्या त्या टपालखात्यातून (आईने तुझी पत्रं दाखवली) निवृत्त केलंय असं सांग.

तुझा
मामा