तळहाताने निवडलेलं पेडल

बाबा,

तक्रार गंभीर आहे, म्हणून खालच्या कोर्टांत वेळ न दवडता थेट तुमच्यापुढे आणतो. आपल्या पिपरी मेघेच्या घरात टीव्हीचा आवाज यापुढे चौदावर राहील, असा ठराव परवा जेवणाच्या वेळी दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. दोन म्हणजे तुमची सून आणि तुमची नात. मी बाविसावर ठाम होतो. चौदावर बातम्या देणारी बाई नुसते ओठ हलवते, असा मुद्दा मी प्रमाणांसह मांडला, पण सुनेने तो ऐकून न घेता रिमोटच्या आवाज वाढवायच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. ज्या माणसाच्या बापाने रोहण्यापासून हिंगणघाटपर्यंत अर्ध्या जिल्ह्याला लग्नं, प्रवचनं आणि निवडणुका ऐकवल्या, त्याच्यावर त्याच्याच घरात ही वेळ यावी! तुमच्या काळी आवाजाला आकडे नव्हते. गोल बटण होतं, आणि ते तुम्ही शेवटपर्यंत पिळायचात.

तुम्ही गेलात त्याला आता अकरा वर्षं झाली. नालवाडीच्या रस्त्यावरचं तुमचं माइकसेटचं दुकान आता मोबाइलवाल्याकडे आहे. मी अजून तोच, शाळेत संस्कृत शिकवणारा आणि सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणारा. संस्कृत तुमच्यामुळे आलं, हे मी वर्गात सांगतो तेव्हा पोरांना वाटतं तुम्ही शास्त्री असाल. त्यांना कुठे माहीत, मला पाठशाळेत घालताना तुम्ही काय म्हणाला होतात! "आपल्या माइकवर इतके लोकं बोलून गेले, एकाचा उच्चार धड नाई. आपल्या घरात एक तरी साफ बोलणारा पायजे." मी बारा वर्षं साफ बोलायला शिकलो, आणि मग असं वाद्य निवडलं की ते वाजवताना तोंड उघडावं लागत नाही.

त्या वाद्याची परवानगी मी तुमच्याकडे रीतसर मागितली होती. त्र्याण्णव साल असेल. तुम्ही दुकानात अँप्लिफायर उघडून बसला आहात, कथलाचा धूर वर चाललाय, आणि मी तुमच्या उजव्या खांद्याशी उभा राहून, पाठ केलेलं सुभाषित म्हणावं तसं, सांगतोय की नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याची जुनी बास गिटार मिळतेय, घेऊ का. तुम्ही मान वर केली नाहीत. दोनदा डोलावली मात्र. मी त्याच दिवशी पॅसेंजर पकडली. गिटार घेऊन परतलो तेव्हा तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे होतात.

"हे काय आणलं बे?"

"तुम्हीच तर हो म्हटलं."

"म्हटलं असन," म्हणालात. मग गिटार हातात घेऊन तारा मोजल्या. "चारच? दोन तारा कमी काऊन? तुले फसवलं का त्यानं?" बासला चारच असतात हे पटवायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला. पटल्यावर तुम्ही ती तुमच्या मोठ्या लाकडी खोक्याला जोडलीत, खोक्याच्या बाजूवर पंजा पसरून ठेवलात आणि म्हणालात, "वाजव. सगळ्यात जाड वाजव." मी वाजवली. तुम्ही डोळे मिटले. "ऐकू येतेय का नीट?" मी विचारलं, तर माझाच हात ओढून खोक्यावर दाबलात. "कान खोटं बोलते बे. वरचा आवाज मोठा झाला का त्याले वाटते सगळंच मोठं झालं. खालचं आहे का नाई, ते हात सांगते." लाकूड तळव्याखाली धडधडत होतं, धावून आलेल्या बैलाच्या छातीसारखं. एवढा धडा मला कुठल्या पाठशाळेत मिळाला नव्हता. पुढे चार वर्षं, तुम्ही होतात तोवर, कुठलंही खोकं तुम्ही पंजा ठेवल्याशिवाय पास केलं नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑर्केस्ट्रात एक नवा गायक आला. केस मानेवर, आणि मनाने चांगला. त्याला जी नवी गाणी म्हणायची होती त्यांत बास नुसता वाजत नाही, गुरगुरतो. "सर, कुत्रा दात दाखवते ना, तसं पायजे," अशी त्याने मला व्याख्या दिली. असा आवाज करण्यासाठी गिटार आणि खोक्याच्या मधे एक छोटी लोखंडी डबी लावतात, तिला पेडल म्हणतात. पायाने दाबली की साधा आवाज फाटून, खरखरीत होऊन बाहेर पडतो. तुम्ही आयुष्यभर फाटका आवाज दुरुस्त करत आलात, आणि आता लोक तो पैसे देऊन विकत घेतात, हे तुम्हाला सांगायची मला लाज वाटते. पण आमचा प्रमुख, जो कीबोर्ड वाजवतो, त्याला या विषयात लाज वगैरे नव्हती. त्याने मला सरळ सांगितलं, "सर, गणपतीपर्यंत जमवा. नाई जमलं तर मी डाव्या हातानं बास वाजवून घेईन. जीपमधी एक जागाही वाचते." हसत बोलला, पण डावा हात त्याने खरंच वर करून दाखवला. बऱ्याच ऑर्केस्ट्रांत बासवाले असेच गेले होते, कोणाच्या तरी डाव्या हातात. तेरा वर्षांची माझी जागा त्या पाच बोटांवर आली होती.

मी काय केलं? साध्या गिटारवाल्या मित्राचं पेडल मागून आणलं. सरावाला पाय ठेवला आणि खोलीभर असा आवाज उठला की नवा गायक टाळ्या पिटायला लागला. मी तर स्वतःवरच खूश. गाणं संपलं तशी ऑक्टोपॅडवर ताल धरणाऱ्या भाऊंनी काड्या खाली ठेवल्या. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आधी ढोलक वाजवायचे, आणि आमच्यात खरं बोलायचं खातं त्यांच्याकडे.

"सर, तुम्ही कुठी गेलते?"

"मी? इथेच तर वाजवतोय."

"आवाज येऊन राह्यला. तुम्ही नाई येऊन राह्यले. माह्या पायाखालची जमीनच गेली ना. मी कायवर वाजवू?"

प्रमुखाने डावा हात खालच्या पट्ट्यांवर ठेवला आणि तेच गाणं पुन्हा धरलं. भाऊंनी मान डोलावली. जमीन परत आली होती, फक्त ती माझी नव्हती. घरी येताना सायकल हातात धरून चाललो, बाबा. एवढा ढळढळीत खड्डा मला कळला कसा नाही, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला नीट विचारला नाही. दोष पेडलचा आहे असं ठरवून टाकलं. आणि तो होताही. ती डबी सहा तारांच्या गिटारसाठी केलेली. त्या गिटारला खालचा आवाज फारसा लागतच नाही, म्हणून ती तो गाळूनच पुढे पाठवते. माझ्या जाड तारेचं सगळं पोट डबीतच राहायचं आणि बाहेर यायची ती नुसती दाढी.

मग मी नागपुरात सीताबर्डीच्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार अघळपघळ, तोंडात सुपारी. "सर, ये लीजिए. सब रॉकवाले यही ले जाते हैं, आज तक कोई वापस नहीं आया." मी म्हटलं, कदाचित वाटेत काही झालं असेल त्यांना. त्याने तीन डब्या मांडल्या. मी जाड तार छेडली, पहिली डबी दाबली आणि काही न सुचून तुमच्यासारखा पंजा खोक्यावर ठेवला.

"अरे सर, कान से सुनिए ना! हाथ क्यों लगा रहे हो?"

"हमारे घर की पद्धत है."

पहिली डबी दाबताक्षणी लाकूड गप्प झालं. तार कंपत होती, दुकान गरजत होतं, काउंटरवरची बासरीची पिशवी थरथरत होती, पण तळव्याखाली काही नाही, भरल्या सभेत वक्ता ओरडतोय आणि बोलत काहीच नाही तसं. दुसरी त्याहून वाईट, तिने तर होतं तेही नेलं. तिसऱ्या डबीला एक बटण जास्त होतं. दुकानदाराने सांगितलं की आत आवाजाच्या दोन वाटा होतात. एक फाटायला जाते, दुसरी जशीच्या तशी सरळ बाहेर येते, आणि कुठली किती घ्यायची ते या बटणाने ठरवायचं. मी एकदम म्हणालो, "म्हणजे मूळ आणि टीका!" तो सुपारी चावायचा थांबला. मी त्याला समजावलं की आमच्या शास्त्रात असंच असतं. टीकाकार कितीही गर्जो, वर मूळ श्लोक छापलेलाच पाहिजे. तो गाळून नुसती टीका छापली तर पंडित खूश होतात आणि विद्यार्थी नापास. "बिलकुल सही बात है, सर," असं तो म्हणाला. गिऱ्हाईक घेणार हे कळलेला दुकानदार असंच म्हणतो. मी बटण हळूहळू मुळाकडे फिरवत गेलो. अर्ध्याच्या थोडं पुढे गेल्यावर तळव्याखाली ती धडधड परत आली. वर दात, खाली छाती. मी जिथे ते बटण थांबवलं तिथे दुकानदाराचाच पेन घेऊन खूण केली. ती अजून आहे.

गणपतीतला पहिला कार्यक्रम पुलगावला होता. नव्या गायकाचं गाणं आलं, मी पाय दाबला, आणि माझी नजर प्रेक्षकांवर नाही, प्रमुखाच्या डाव्या हातावर. तो खालच्या पट्ट्यांवर तयारीत होता. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीला तो हात उचलला गेला आणि प्रमुखाच्या मांडीवर जाऊन बसला, मालकाने हाकलल्यासारखा. मागून भाऊ ओरडले, "आता आले, सर, तुम्ही!" जागा राहिली. परतीच्या जीपमध्ये मी तुमची पंज्याची पद्धत सगळ्यांना सांगितली. मंडळी भारावली. आता कुठलंही नवं सामान आलं की म्हणतात, "सर, हात लावा." मी लावतो. गंभीर चेहऱ्याने लावतो. तुम्हाला हसू येईल, पण तुमचा पंजा आता वर्धा जिल्ह्यात प्रमाण मानला जातो.

आईने मला जे सांगितलं ते मी जीपमध्ये सांगितलं नाही. तुमची तेरवी झाल्यावर एकदा भाजी निवडताना ती सहज म्हणाली, "त्याईले उजव्या कानानं आठ-दहा वर्षांपासून काईच ऐकू येत नव्हतं. मी त्याईच्या उजव्या बाजूनं कधी चालली नाई." रोहण्याला एका लग्नात नवरीचा बाप हात जोडून म्हणत होता, आवाज थोडा कमी करा, भटजी काय म्हणतात ते आम्हाला कळू द्या. तुम्ही मान डोलावली होतीत आणि बटण आणखी पिळलं होतंत. गाव म्हणालं, माइकवाला हेकट आहे. मी पण तेच म्हणायचो, आणि थोडा अभिमानानेच म्हणायचो. मग मला दुकान आठवलं, कथलाचा धूर, तुमचा उजवा खांदा. बाबा, तुम्ही मला गिटारची परवानगी दिली होतीत, की नुसती मान डोलावली होतीत? "म्हटलं असन," म्हणताना तुम्ही किती पटकन दोष स्वतःकडे घेतलात! अकरा वर्षं मी हे एक विनोद म्हणून सांगत आलो, आणि लोक दर वेळी हसतात.

हे पत्र त्या पेडलच्या रिकाम्या खोक्यात ठेवणार आहे. पोस्टात टाकायची सोय असती तरी टाकलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही अस्वस्थ झाला असतात. सीताबर्डीच्या त्या दुकानात मी पंजा तुमच्या आठवणीने ठेवला, हे सगळ्यांना सांगतो. खरं असं आहे की कानाला तिन्ही डब्या सारख्याच वाटल्या होत्या. भाऊंचा स्पीकर पंधरा वर्षं माझ्या उजव्या हाताला असतो. गेल्या महिन्यापासून तुमची सून जेवताना माझ्या डावीकडच्या पाटावर बसते, मी विचारलं नाही, तीही बोलली नाही. डॉक्टरांकडे जाईन, उद्या-परवा असं गेले काही आठवडे चाललंय. जागा जाईल याचं आता फारसं काही वाटत नाही. पण परवा, त्या चौदाच्या ठरावानंतर, तुमची नात माझ्या उजव्या खांद्याशी येऊन बराच वेळ काहीतरी सांगत होती, अगदी मनापासून, आणि शेवटी तिने काहीतरी विचारलं. मी दोनदा मान डोलावली. ती खूश होऊन गेली. मी कशाला हो म्हणालो ते मला माहीत नाही, आणि तिला परत विचारायचा मला धीर होत नाहीये.