वरच्या व्हरांड्यातली सिस्टर

प्रिय शिट्टीबाई,

टाचणीबाईचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समज). तुझी कंबर काय म्हणते? सूनबाई चहात साखर घालू देते का? मी अगदी मजेत आहे. एकटं वगैरे मुळीच वाटत नाही. कुकरशी बोलते, तो शिट्टी देतो, आणि मग तुझी आणि तुझ्या पी.टी.च्या तासाची आठवण येते.

तर झालं काय, आपल्या शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. हेडमिस्ट्रेस सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला वेळ असतो. (वेळ असणं हीच लायकी असेल तर मी विश्वाचा इतिहास लिहीन.) सुरुवात झकास झाली: तबेल्यात भरलेली पहिली शाळा, बाकांऐवजी गवताचे भारे, खडूनं लिहिलेलं चाटून टाकणारा घोडा. पण पुढे गाडं अडलं, कारण चॅपेलमधला पियानो आपणच आणला असं आधीच्या प्रत्येक सिस्टरनं सांगून ठेवलंय. म्हणून जुन्या मुलींना रविवारी चहाला बोलावलं. आल्या गं! नातवंडांचे फोटो दाखवत आल्या, आणि वर्गात पाऊल टाकताच मागच्या बाकासाठी भांडायला लागल्या. सिस्टरांनी माझी ओळख 'इतिहास लिहिणाऱ्या बाई' एवढीच करून दिली.

सगळ्या एकाच विषयावर तुटून पडल्या: वरच्या व्हरांड्यातलं भूत! शाळा सुटली की एक मेलेली सिस्टर वर फिरायची म्हणे. पांढरे कपडे, कमरेला काहीतरी खुळखुळतंय, एकेक खिडकी आपोआप बंद होतेय, मधूनच सुस्कारा. एक म्हणाली, तिला पाय नव्हते. (कठडा कमरेइतका उंच आहे, खालून कुणाचेच पाय दिसत नाहीत.) दुसरी म्हणे त्या धसक्यानं गणितात नापास झाली. मी भराभर लिहीत होते आणि एकदम हात थांबला. अगं, पांढरा तो माझा शिवणाच्या तासाचा एप्रन, आणि खुळखुळायची ती माझी कात्री आणि किल्ल्या! खिडक्या लावायचं काम शिपायाचं, पण मी ते मागून घेतलं होतं. आई गेल्यावर घरी लवकर जाऊन करायचं काय? कुलूप मीच लावायचं, मीच उघडायचं, "आलीस का?" म्हणायला कुणी नाही. खिडक्या पुष्कळ होत्या, संध्याकाळ सरायची.

म्हटलं, बघू तरी. साळसूदपणे विचारलं, शिवणाच्या बाई आठवतात का? "शिवण होतं आपल्याला?" मग एकीच्या डोक्यात उजेड पडला: गुडघ्यांवर बसवून स्कर्ट जमिनीला टेकतो का बघायच्या, नाही टेकला तर टाचण्या लावायच्या, त्याच ना? गेल्या बिचाऱ्या. बाकीच्या चुकचुकल्या. एवढ्यावर भागेना म्हणून माझ्याच हातून चहाचा दुसरा कप घेत तिनं दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची सूचना केली. मीही उभी राहिले. सगळ्या उभ्या असताना एकटीनं बसून राहणं बरं दिसलं नसतं.

सांगून टाकणार होते गं. पण भुताबद्दल बोलताना त्या सगळ्या पुन्हा शाळकरी झाल्या होत्या. त्यांचा जीव होता त्या भुतावर. मी बाई होते तेव्हा माझ्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. चहाचे कप गोळा केले, आणि घरी येऊन थोडं रडले.

बरं, कुकर हाका मारतोय. धाकट्यांना आशीर्वाद, मोठं आता कुणी उरलेलंच नाही.

तुझी (अजून हयात असलेली)
टाचणीबाई

ता. क. सिस्टरांना भूत फार आवडलं. त्याला तीन पानं मिळालीत. शिवणाला अर्धी ओळ, संगीत आणि स्वच्छता यांच्या मध्ये.

ता. क. चा ता. क. त्या तीन पानांत मी गुपचूप एक वाक्य घुसवलंय: 'मैदानातून कुणी शिट्टी वाजवून हात केला, की भूतही हात करायचं आणि खाली उतरायचं.' सिस्टर विचारतात, याला साक्षीदार कोण? आता कोण असणार, सांग. पत्रानं कळवू नकोस, स्वतः ये. त्यांच्यासमोर साक्ष दे आणि चार दिवस राहा.

आणि वर 'मजेत आहे' लिहिलंय ना, ते शाईनं लिहिल्यामुळे पुसता येत नाही. तेवढं वाचू नकोस.