चिकटवलेले पान

५ जानेवारी, रविवार
गावच्या वाचनालयातला माझा दर पंधरवड्याचा रविवारचा तास. कथा-कादंबऱ्या लोक आपण होऊन नेतात; इतिहासाचे चांगले पुस्तक मात्र उलगडून दाखवावे लागते, म्हणून दौंडहून एस.टी.ने जातो. आज मेंढपाळांच्या जुन्या वाटांवरचे पुस्तक निवडले होते. असे लेखन दुर्मीळ: प्रत्येक विधानाला आधार, आणि आधार कच्चा असेल तर तशी स्पष्ट कबुली. त्यात आपल्या गावावर एक संपूर्ण पान आहे.
वाचनालयाची प्रत उघडली. नेमके तेच पान समोरच्या पानाला खळीने चिकटवलेले. कडेकडेने बोट फिरवून, अगदी नीट.
ग्रंथपाल सुमनताई मान खाली घालून म्हणाल्या, “अध्यक्षांनी सांगितलं, सर. फाडू नका म्हनले, अनुदानाचं पुस्तक हाय.”
फाडले असते तर निदान गुन्हा दिसला असता. तास झालाच नाही.

७ जाने.
कारण उघड आहे. माघातल्या यात्रेत पहिल्या नारळाचा मान वाचनालयाच्या अध्यक्षांच्या घराण्याचा, का तर गाव त्यांनी वसवले. पुस्तक म्हणते, त्याआधी इथे मेंढपाळांचा तळ होता. पहिली वस्ती त्यांचीच. म्हाळू आबांचे घराणे त्यांतले. मेंढ्या केव्हाच विकल्या, आता ऊस-कांदा. यात्रेत मात्र आबा अजून मांडवाच्या कडेलाच बसतात.
अध्यक्षांना फोन. शांतपणे सुरुवात केली, टिकली नाही.
“पान हायच की आत, सर. कुठं गेलंय? जरा मिटवून ठेवलंय.”
१९ तारखेला माझ्या प्रतीतून पूर्ण पान वाचणार, असे बजावले. ते म्हणाले, खुशाल वाचा. यात्रेत डोकी फुटतील तेव्हा तुम्ही दौंडात असाल.
मी फोन ठेवून दिला. त्याचाही राग.

१० जाने.
आबा दौंडला घरी आले. माझी प्रत हवी, नातीकडून वाचून घेणार. इतक्या वर्षांत पुस्तक मागायला कुणी घरी आले, तर हे. चहा दुसऱ्यांदा टाकायला लावला. टिपा कशा वाचायच्या तेही समजावले. आबा बिचारे ऐकत बसले.

१३ जाने.
गावाच्या ग्रुपवर त्या पानाचा फोटो. प्रत माझी; समासात माझीच पेन्सिल. वरचा परिच्छेद पूर्ण, खालचा कापलेला. वर लाल अक्षरांत ‘पुरावा’.
खालच्या परिच्छेदात लेखक स्वतः सांगतो की हे सारे एकाच कागदावर उभे आहे, तोही उशिराची नक्कल. अस्सल सापडेपर्यंत पक्के धरू नये. त्या चार ओळींसाठीच तर पुस्तक निवडले होते! एकाने खळ लावली, दुसऱ्याने कात्री. कुणावर अधिक चिडावे?

१६ जाने.
आबांनी पुस्तक परत आणले. फोटो पोरांनी टाकला म्हणाले. मग:
“रविवारी वरचं तेवढं वाचा, सर. त्यांचं सांगनं आजवर कुनी कागद मागून तपासलंय का? मग आमचंच का तपासायचं?”
प्रश्न बिनतोड. मी म्हणालो, त्यांचेही तपासू, पण पान अर्धे वाचणार नाही. आबांनी चहा घेतला नाही.

१९ जाने., रविवार
खोली भरून लोक दारात उभे. पुस्तकासाठी इतके कधी आले नव्हते.
पूर्ण पान वाचले. मग सावकाश सांगितले: आबांच्या बाजूने एक कच्चा कागद आहे, अध्यक्षांच्या बाजूने तेवढाही नाही.
यातला दुसरा भाग अध्यक्षांच्या कानात शिरलाच नाही. खूश होऊन सुमनताईंना म्हणाले, “ते पान सोडवा आता. वाफ दिली की निघतंय. खालचं तेवढं झेरॉक्स करून बोर्डावर लावू.”
त्या खोलीत मी पहिल्यांदाच ओरडलो. लावायचे तर पूर्ण पान, नाहीतर हात लावायचा नाही. माणसे खाली बघत पांगली. यात्रा तोंडावर आली आहे.
आबा बाहेर पारावर एकटेच होते. मी रामराम घातला. त्यांनी हात अर्धा उचलला आणि तसाच गुडघ्यावर ठेवला. तेवढ्यात एस.टी. आली.