ताईचा अंगठा आणि चोखंदळ जळू

शनिवार, संध्याकाळ. बोरगाव मेघे

ताईच्या पायाची पट्टी आताच पुन्हा बदलली. जळूच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही, रात्रीपर्यंत झिरपेल, असं वैद्यांनी बजावलंय. तरी लाल डाग दिसला की मी उठतोच.

काळा पडलेला अंगठा कापायचा का, ते सर्जन सोमवारी ठरवणार. म्हणून त्याआधी आज तिला जळू लावायला वर्ध्याला वैद्यांकडे नेलं, तर जळू चावेचना. दवाखान्यात जायचं म्हणून ताईने चंदनी साबणाने पाय धुऊन वर पावडर फासली होती. जळूला वास खपत नाही, वैद्य म्हणाले.

"मंग काय मळकटच पाय घेऊन येऊ का?" ताई त्यांच्यावरच उखडली.

संस्कृतात मी जलौका, म्हणजे हीच जळू, घोकली होती. ती इतकी सोवळी असते हे कुणी शिकवलं नव्हतं. पाय साध्या पाण्याने धुतल्यावर मात्र चिकटली, पिऊन टम्म झाली आणि आपणच गळून पडली.

पुन्हा डाग. वाढलाय का? नसावा.

"अंगठ्याले मुंग्या येऊन राह्यल्या रे," ताई आत्ता म्हणाली. इतके दिवस तिथे टाचणी टोचलेलीही तिला कळत नव्हती.

"डास असेल," मी म्हणालो.

मग चष्मा लावून, वाकून पाहिलं. डास नव्हता.