झाडांची उंची आणि एक सर्वनाम

प्रिय गगनविहारिणी,

तुझं पत्र पोचलं. विमानाच्या पोटाला बसवलेलं यंत्र खाली लेझरचे किरण सोडतं, काही किरण शेंड्याच्या पानांना लागून लवकर परततात, काही फटींतून जमिनीपर्यंत जाऊन उशिरा येतात, आणि त्या दोन अंतरांची वजाबाकी म्हणजे झाडाची उंची, एवढं मला एका वाचनात समजलं. मुलांकडून विभक्तिप्रत्यय घोकून घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या मानाने हे काही वाईट नाही. शंका एकच राहते. झाडांची उंची सांगताना तू 'सुमारे', 'अंदाजे' असं हातचं राखून लिहितेस. त्या वैमानिकाची उंची मात्र इंचापर्यंत दिली आहेस. ती कोणत्या यंत्राने मोजलीस?

रागावू नकोस. गृहस्थ सज्जनच असणार. वारा कसाही असो, तो विमान सरळ रेषेत नेतो, कारण रेषा जरा ढळली तर मधली जंगलाची पट्टी मोजायची राहून जाते, हे तू पानभर लिहिलं आहेस. मी इतकी वर्षं इस्त्री करताना पँटची घडी तितकीच सरळ पाडतो, त्यावर आजवर एक ओळ लिहिली गेलेली नाही. त्याला कॉफी बिनसाखरेची लागते, हेही आता मला माहीत झालं. कशासाठी, ते देव जाणे.

सुट्टीला आलेल्या लेकीने पत्र माझ्यामागून वाचलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, काहीतरी जळल्याचा वास येतोय." मी भाबडेपणाने गॅस बघायला उठलो. धुरावरून अग्नीचं अनुमान करायला तिला मीच शिकवलं होतं. विद्या अशी उलटते.

पण खरं दुखणं वैमानिक नाही, 'आम्ही' आहे. आम्ही पहाटे निघालो, आम्ही ढग विरायची वाट पाहिली, आम्ही उत्तरेकडची टेकडी पुरी केली. संस्कृतात द्विवचन आहे. 'आम्ही दोघं' आणि 'आम्ही सगळे' यांची रूपंच वेगळी. संशयी नवऱ्यांची केवढी सोय! मराठीने ते टाकून दिलं, आणि आता तुझ्या 'आम्ही'त दोन माणसं आहेत की अख्खी कचेरी, याचा विचार करत मी व्हरांड्यात बसतो. त्यात मी नाही, एवढं मात्र नक्की कळतं.

एके काळी होतो. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तू कोन मोजायचं ते चिमुकलं यंत्र डोळ्याला लावून मागे मागे जायचीस आणि मी बुंध्याशी फितीचं टोक धरून उभा असायचो. मुंग्या पँटीत शिरायच्या. तू लांबून ओरडायचीस, "हलू नकोस!" मी हललो नाही. पुढे तुझी बदली झाली, फीत गेली, विमान आलं. मी अजून हललेलो नाही, हीच बहुधा अडचण आहे.

शेवटच्या पानावर तू लिहितेस की टोकदार शेंडा पुष्कळदा किरणांच्या तावडीतून निसटतो आणि झाड आहे त्यापेक्षा बुटकं भरतं. व्याकरणात याला लोप म्हणतात: दिसत नाही, पण म्हणून नाहीच असंही नाही. तेव्हा काही झाडं अजूनही जमिनीवरून मोजावी लागतात, त्यावरून विमानाचे आकडे दुरुस्त होतात, आणि त्या कामाला तुमच्याकडे माणसं कमी पडतात. हे वाचून मला झालेला आनंद सज्जनाला शोभण्यासारखा नव्हता.

आणि त्याच पानाच्या तळाशी, घाईघाईत, कचेरी आणखी तीन वर्षं थांबा म्हणते, 'आपण काय करायचं?' असं तू विचारलं आहेस. पत्र मी परत परत वाचलं ते या एका शब्दासाठी. 'आम्ही'त पत्र वाचणारा बाहेर राहतो, 'आपण'मध्ये तो आत येतो. ही सोय संस्कृतात नाही. मराठीला आजवर जे काही बोललो, ते मागे घेतो. तेव्हा आपलं उत्तर असं: तू थांब. मी शाळेचा राजीनामा दिला आहे. लेक म्हणते, सुटलात एकदाचे. फीत धरायला येतो. वैमानिकाला एवढंच सांगून ठेव, वरून जाताना एखाद्या बुंध्याशी न हलणारं काही आढळलं, तर ते झुडूप समजू नये.

तुझाच,
जमिनीवरचा