कोकरू लावण्याचं गाणं

७ एप्रिल
पोचलो एकदाचा! गुडघे ठणकतात, पण जीव हलका झाला. बहिणीकडे गावात हिवाळाभर भिंतींकडे तोंड करून बसलो होतो. दाम्बाचा, माझ्या मुलाचा, निरोप आला की बाबा, मेंढ्या व्यायला लागल्यात, हात कमी पडतात, या. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण वाराबर्फ लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून वही बरोबर आणली.
जीपमध्ये शेजारी एक परदेशी मुलगी होती. इल्झे. लाटव्हिया नावाच्या देशातली. तिच्या कॉलेजाने म्हणे सांगितलंय की मेंढपाळांच्यात जाऊन त्यांच्यासारखं राहा, म्हणजे आपोआप शिकशील. आणि ती आमच्याच राहुटीत राहणार! तिचं नाव माझ्या तोंडात बसेना. इल्गी, इल्जी, काहीही म्हणत होतो. ती आमच्या भाषेत म्हणाली, आजोबा, जिभेला खोगीर घातलंय का? जीपवाला एवढा हसला की चाक खड्ड्यात गेलं.
राहुटी नदीच्या वळणावर आहे. सून त्सेवेलमाने खारा चहा दिला. बोलली नाही. ती हिवाळ्यापासून बोलतही नाही, रडतही नाही. माझी नात, तिची एकुलती एक पोर, चुकलेल्या मेंढ्या आणायला बर्फाच्या वादळात गेली ती सापडली तेव्हा लाकूड झाली होती.
वारा उत्तरेचा. झोपताना कान झाकायला हवेत.

१२ एप्रिल
इल्झे पोरगी कामाला वाघ आहे. शेणी गोळा करते, कोकरं छातीशी धरून आत आणते. संध्याकाळी मेंढ्या मोजते त्या तिच्याच भाषेत. विएन्स, दिवि, त्रीस. आता मलाही पाठ झालं. दाम्बा म्हणतो, बाबा, मेंढ्यांना कळेनासं झालंय आपण किती आहोत ते.
आज रविवार. टेकडीवर रेंज येते, तिथे तिच्या आईचा फोन आला. अर्धा वेळ दोघी नुसत्याच हसत होत्या.
एका मेंढीचं कोकरू मेलं. त्याचं कातडं काढून मी पोरक्या कोकराच्या अंगावर शिवलं, मेंढीपुढे बसून सारंगी धरली आणि परकं कोकरू आईला लावायचं गाणं गायलो, तोइग, तोइग. मेंढी आधी लाथा झाडत होती. मग तिने हुंगलं, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पान्हा सुटला. इल्झेचेही डोळे भरले. तिने विचारलं, कातडं कायमचं राहणार का? म्हटलं, छे, आईने जवळ केलं की लगेच काढायचं. राहू दिलं तर वरचं कुजतं आणि आतलंही दगावतं.

१४ एप्रिल
नदीचा बर्फ फुटून इल्झे कमरेपर्यंत भिजली. दाम्बाने पेटीतून आमच्या पोरीचा निळा डगला काढून दिला. मी म्हणालो, गेलेल्याचा कपडा बरा नव्हे. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला चहाच्या वाफेचंही भय वाटतं.
सुनेने मान वर केली आणि ती बघतच राहिली. तिची नुसती हाडं उरलीत. अशीच राहिली तर हिरवं गवत बघायची नाही. सारंगी माझ्या मांडीवर होतीच. मी सुनेकडे तोंड करून गायलो. तोइग, तोइग. मेंढीला गातात ते माणसाला गायलो.
तिचे डोळे वाहू लागले. उठली, इल्झेचं डोकं हुंगलं आणि हाक मारली, ओयून.
नातीचं नाव लिहून गेलो. गेलेल्याचं नाव घेतलं की त्याची वाट अडते, तो इथेच राहतो. पुन्हा लिहिणार नाही.

१७ एप्रिल
घरात हसू आलं. सून जेवली. मला म्हणाली, मामंजी, दात दोन आणि हट्ट मटणाचा! किती दिवसांनी टोमणा ऐकला. बाहेर जाऊन डोळे पुसले.
इल्झेचा कोट वाळला, पण ती डगला सोडत नाही. ऊब येते म्हणते.

१९ एप्रिल
करडी घोडी हिवाळ्यापासून कुणाला पाठीवर घेत नव्हती. आज इल्झेने दातांच्या फटीतून शीळ घातली आणि घोडी धावत आली. ती शीळ आमच्या पोरीची. या मुलीच्या दातांना फट नाही.
दाम्बा म्हणाला, ऐकली असेल कुठे. मी म्हटलं, कुणाकडून?
मेंढ्या आता ती आमच्या भाषेत मोजते, जोडी-जोडीने.
टेकडीवर फोन आला. तिने थोडा वेळ ऐकला आणि माझ्याकडे दिला. म्हणाली, आजोबा, ही बाई कोण? का रडतेय? मला तिची भाषा कुठे येते? मी नुसताच हुं, हुं करत राहिलो. तिकडून ती माउली पुन्हा पुन्हा विचारत होती, इल्झे? इल्झे?

२२ एप्रिल
धुळीचं वादळ. भरदुपारी हात दिसेना. गोठ्याकडे कुणी मेंढ्या मोजत होतं.
विएन्स, दिवि, त्रीस.
आत येऊन पाहिलं. डगल्यातली पोरगी चुलीपाशी कणीक मळत होती. पुन्हा बाहेर गेलो. कुत्रा धुळीकडे बघून शेपूट हलवत होता. तिथे कुणी नव्हतं.
म्हणजे जिला मी गाऊन त्या अंगातून उठवून लावलं, ती बाहेर आहे.

२३ एप्रिल
दाम्बाला सांगितलं, तिच्या अंगावरचा डगला काढ. त्यालाही कळलंय. म्हणाला, बाबा, ती हसते हो.
मीच हात घातला. डगल्याची कड तिच्या अंगावरच शिवलेली. आतड्याच्या दोऱ्याने, बारीक टाके, मी कोकराला घालतो तसे. सून मध्ये उभी राहिली. म्हणाली, मामंजी, एकदा दिलंत. आता परत मागता?

२५ एप्रिल
बाहेरचा आवाज बारीक होत चाललाय. आज राहुटीच्या अगदी लगत होता. आजोबा, थंडी — एवढंच.
उद्या टाके कापायचे. दारात उभं राहून तिला नावाने हाक मारायची, म्हणजे ती परत येईल. दिवसभर घोकतोय. इल्झे. इल्झे. आता नीट येतं.
आणि आमची पोर — तिला पुन्हा त्या बर्फात —
नको. त्या दुसऱ्या आईची मुलगी जिवंत आहे. तेवढंच धरून ठेवायचं.

२६ एप्रिल
दाम्बा आणि सून मेंढ्यांमागे गेलीत. चाकू घेतला. दार उघडं ठेवलं.
ती पळाली नाही. समोर येऊन बसली. म्हणाली, आजोबा, तिथे बर्फात फार वेळ एकटी होते. तुम्ही हाक माराल वाटायचं.
डगल्याची कड हातात धरली —
बाहेर मोजणं चालू आहे. विएन्स. मग बराच वेळ काही नाही. दिवि. पुढचा आकडा येत नाही.
आज रविवार. टेकडीवर ती आई फोन —
एकच नाव घ्यायचंय. येतं मला. काल येत होतं. जिभेला खोगीर —
पोरीने माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलंय. केसांना शेणीच्या धुराचा वास. तोच. म्हणते, सगळ्यांनी नाव घेतलं, तुम्ही नाही. तोंडाने नको तर लिहा. लिहाल ना, आजोबा?
दिवि —
चाकू खाली ठेवला. जरा वेळच. लगेच उचलतो.
ओयू